गाडी उलाळ होऊ देऊ नका

नॅनोपोझिशनिंग स्टेज (नमुना नॅनोमीटरच्या हिशेबात सरकवणारा मंच) एक्स दिशेत सरकवली आणि आडव्या वाय दिशेतही हलली, की जो तो आधी कंट्रोलरच्या सेटिंगला हात घालतो. थांबा, आधी वरचं ओझं बघा. केळीचे घड मागे लादले की गाडी उलाळ होते, हे आपल्या खान्देशात कुणाला शिकवायला नको. पिझो स्टेजचंही (वीज दिली की किंचित लांबणाऱ्या स्फटिकावर चालणाऱ्या) तसंच: वजन मध्यावरून सरकलं की आतले लवचिक सांधे असमान वाकतात आणि स्टेज किंचित झुकते.

ही झुकण उंचीने गुणली जाते. नमुना 30 मिलिमीटर उंच ठोकळ्यावर असेल आणि स्टेज आडवी फक्त 5 मायक्रोरेडियन कलली, तर माथा 150 नॅनोमीटर बाजूला जातो. ठोकळा 10 मिलिमीटरचा करा, चूक 50 वर येते. फुकटचा उपाय!

ओझं 180 अंशांत फिरवून तोच फेरा पुन्हा मोजा. चूक बदलली तर दोष ओझ्याचा किंवा ताणलेल्या केबलचा. तशीच राहिली तर स्टेजचा, किंवा वाकड्या पाटावर चार स्क्रू करकचून आवळणाऱ्याचा (बहुधा आपलाच). स्टेज तीन टेकूंवर बसवा. दर वेळी सारखीच येणारी चूक मोजून ठेवा आणि वायला तेवढी उलटी दुरुस्ती द्या.

आणि मे महिन्यात जळगावात एसी लावल्या लावल्या मोजू नका. 50 मिलिमीटर ॲल्युमिनियम एका अंश सेल्सिअसला सुमारे 1,150 नॅनोमीटर वाढतं.