चौघांनी मिळून खेळायचा नवा गेम घेण्यापूर्वी त्याची पारख कशी करावी

चार मित्रांनी मिळून खेळायचा एखादा नवा ॲक्शन गेम जाहीर झाला की पहिल्या ट्रेलरपासून प्रत्यक्ष डाउनलोडच्या रात्रीपर्यंतचे महिने फार आनंदात जातात, आणि त्या आनंदावर विरजण घालण्याचा माझा मुळीच हेतू नाही. मात्र एकट्याने खेळायचा गेम फसला तर एकाचेच पैसे वाया जातात, तर सहकार्याने खेळायचा गेम फसला की चौघांचे पैसे जातात आणि पुढच्या वेळी त्या चौघांना एका रात्री एकत्र आणणेही अवघड होऊन बसते. म्हणून अशा गेमबद्दलच्या सुरुवातीच्या प्रतिक्रिया वाचताना ‘गेम चांगला आहे का’ हे विचारण्याआधी ‘आपल्या चौघांना तो एकत्र खेळता येईल का’ हे विचारावे लागते.

आमच्या कॉलेजच्या गटातला एक जण डोंबिवलीला, एक कांदिवलीला, एक वाशीला आणि मी परळला राहतो. नोकरी आणि लोकलचा प्रवास सांभाळून प्रत्यक्ष भेटणे महिन्यातून एकदाही जमत नाही, त्यामुळे रात्री साडेदहानंतरचे दोन तास हीच आमची भेट असते. काही वर्षांपूर्वी आम्ही एका गेमची जाहिरात पाहून चौघांनीही आगाऊ नोंदणी केली आणि पहिल्या रात्री आमच्या लक्षात आले की दोघांकडे कन्सोल आहे, दोघांकडे संगणक आहे आणि त्या गेमला क्रॉसप्ले, म्हणजे वेगवेगळ्या यंत्रांवरून एकत्र खेळण्याची सोय, नाहीच. ही गोष्ट माहितीपत्रकात कुठेही लपवलेली नव्हती; आम्हीच ती विचारली नव्हती. पुढे जे लिहिले आहे ते त्या रात्रीनंतर आम्ही स्वतःला लावून घेतलेल्या सवयींतून आले आहे.

घोषणा होताच काय तपासावे

ट्रेलर पाहून झाला की लगेच गेमच्या अधिकृत दुकान-पानावर जावे आणि किती खेळाडूंसाठी तो आहे, ते खेळाडू एकाच पडद्यासमोर बसून खेळणार की इंटरनेटवरून, आणि वेगवेगळ्या यंत्रांवरचे खेळाडू एकमेकांना भेटू शकतात का, हे शोधावे. ‘को-ऑप’ (सहकार्याने खेळायचा) या एका शब्दात फार वेगवेगळ्या गोष्टी मावतात. ‘लारा क्रॉफ्ट अँड द गार्डियन ऑफ लाइट’ हा केवळ डाउनलोडच्या रूपात आलेला दोघांचा गेम १८ ऑगस्ट २०१० रोजी एक्सबॉक्स ३६० वर आला, तेव्हा दोघांनी एकाच खोलीत बसून खेळण्याची सोय त्यात होती, पण इंटरनेटवरून एकत्र खेळण्याची सोय नंतरच्या अपडेटने मिळाली. ज्यांचा जोडीदार दुसऱ्या उपनगरात राहत होता त्यांना पहिल्या दिवसाच्या कौतुकाचा काहीच उपयोग नव्हता, आणि तरीही ते कौतुक खोटे नव्हते, कारण त्या गेमचे सहकार्य खरोखर विचारपूर्वक रचलेले होते: एका खेळाडूच्या लाराने ताणलेल्या दोरावरून दुसऱ्याचा योद्धा तोटेक चालत जातो, त्याने भिंतीत मारलेल्या भाल्यांवर पाय ठेवून लारा वर चढते, आणि एकट्याने खेळताना हीच कोडी वेगळ्या रीतीने मांडलेली असतात.

हाच सहकार्याचा खरा कस आहे असे मी मानतो. एकट्याच्या गेममध्ये नुसते आणखी तीन जण सोडले आहेत, की एकाला दुसऱ्याची गरज पडावी अशी रचना केली आहे, हे घोषणेनंतरच्या दीर्घ खेळ-चित्रफितीत दिसते. सव्वा मिनिटाच्या ट्रेलरमध्ये दिसत नाही. ‘हेलडायव्हर्स २’ या चौघांच्या गेममध्ये जड शस्त्र एकाच्या खांद्यावर असते आणि पाठीवर दारूगोळा घेतलेला दुसरा ते भरून देऊ शकतो, शिवाय आपली गोळी आपल्याच साथीदाराला लागते, त्यामुळे बोलत राहिल्याशिवाय तो गेम नीट खेळताच येत नाही. अशी एखादी तरी गोष्ट चित्रफितीत सापडेपर्यंत मी गटाला नाव सुचवत नाही.

खर्चाचा हिशेबही याच वेळी करावा. प्लेस्टेशन या सोनीच्या कन्सोलवर विकत घेतलेला गेम इंटरनेटवरून मित्रांसोबत खेळायचा असेल तर बहुतेक वेळा पीएस प्लस या सोनीच्याच ऑनलाइन सेवेची वर्गणीही लागते. उलट बाजूने पाहिले तर ‘इट टेक्स टू’ (२६ मार्च २०२१) आणि ‘स्प्लिट फिक्शन’ (६ मार्च २०२५) या दोघांच्याच गेममध्ये ‘फ्रेंड्स पास’ आहे, म्हणजे एकाने गेम घेतला की दुसरा तो विनामूल्य डाउनलोड करून त्याच्यासोबत खेळू शकतो. एकाच पडद्यावरचे गेम स्टीम या संगणकाच्या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या ‘रिमोट प्ले टुगेदर’ सोयीने दूरच्या मित्रांनाही खेळता येतात आणि त्यातही फक्त यजमानाकडे गेम असला तरी पुरते, मात्र यजमानाच्या घरचा अपलोडचा वेग चांगला असावा लागतो.

आगाऊ नोंदणीबद्दल

डाउनलोडचा गेम संपत नाही. दुकानातल्या डबीप्रमाणे त्याचा साठा मर्यादित नसतो, म्हणून आगाऊ पैसे भरण्याचे व्यावहारिक कारण जवळजवळ उरत नाही. तरीही घ्यायचाच असेल तर परताव्याचे नियम आधी वाचावेत. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. महागडी आवृत्ती घेऊन काही दिवस आधी खेळायला मिळते तेव्हाचा वेळही एप्रिल २०२४ पासून या दोन तासांत मोजला जातो. प्लेस्टेशनच्या दुकानात १४ दिवसांची मुदत असली तरी डाउनलोड सुरू केले की साधारणपणे परताव्याचा हक्क संपतो. यामुळे आमच्या गटात असे ठरले आहे की स्टीमवाल्या एकाने आधी घ्यावा, त्याने हिरवा कंदील दाखवल्यावर कन्सोलवाल्यांनी डाउनलोडचे बटण दाबावे.

पहिल्या प्रतिक्रिया कशा वाचाव्यात

स्टीमवरचे अनेक गेम अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सकाळी १० वाजता खुले होतात. ती वेळ आपल्याकडे उन्हाळी घड्याळानुसार रात्री साडेदहाची आणि हिवाळ्यात साडेअकराची असते. म्हणजे सकाळी कामावर जाताना लोकलमध्ये आपण ज्या प्रतिक्रिया वाचतो त्यांतल्या बऱ्याच जणांनी गेम फार तर काही तास खेळलेला असतो. या पहिल्या काही तासांतल्या मजकुरावरून गेम सुरू होतो का, मध्येच बंद पडतो का, सर्व्हरवर जागा मिळते का, एवढे विश्वासाने कळते. पंधराव्या तासाला तोच शत्रू आणि तोच नकाशा पुन्हा आला की कंटाळा येतो का, हे त्यावरून कळू शकत नाही, आणि मित्रांच्या गटाला मात्र हेच जाणून घ्यायचे असते, कारण आठवड्यातून दोन रात्री खेळणारा गट पंधरा तासांपर्यंत पोहोचायला महिना घेतो. म्हणून स्टीमवर प्रत्येक अभिप्रायाच्या शेजारी लिहिणाऱ्याने किती तास खेळून तो लिहिला हे दिलेले असते, ते आधी पाहावे आणि मग अभिप्राय वाचावा.

तक्रारींचे दोन ढीग करावेत. सर्व्हर, जोडणी, गेम बंद पडणे यांसारख्या तक्रारी काही आठवड्यांत मिटू शकतात. गेमची मूळ रचना, त्यातील एकसुरीपणा, मित्राची प्रगती साठवली न जाणे यांसारख्या तक्रारी सहसा मिटत नाहीत. ‘हेलडायव्हर्स २’ हे याचे उत्तम उदाहरण आहे. स्वीडनच्या ॲरोहेड स्टुडिओने तयार केलेला हा गेम ८ फेब्रुवारी २०२४ रोजी प्लेस्टेशन ५ आणि संगणकावर आला आणि अपेक्षेपेक्षा इतके जास्त लोक त्यावर तुटून पडले की एकाच वेळी खेळणाऱ्यांची संख्या सुमारे साडेचार लाखांवर रोखून धरावी लागली. त्या दिवसांतील अभिप्राय बरेच संमिश्र होते, पण नीट वाचले तर राग आत शिरायला न मिळाल्याचा होता. जे आत पोहोचले होते ते खूश होते. आम्ही तीन आठवडे थांबलो आणि त्याचा पश्चात्ताप झाला नाही. त्याच गेमवर मे २०२४ मध्ये पुन्हा नकारात्मक अभिप्रायांची लाट आली, पण त्या वेळी कारण संगणकावरच्या खेळाडूंना प्लेस्टेशन खाते जोडण्याची सक्ती हे होते आणि सोनीने काही दिवसांतच तो निर्णय मागे घेतला. एकूण टक्केवारीच्या शेजारचा काळानुसार आलेख उघडल्याशिवाय या दोन लाटांतला फरक कळत नाही.

याउलट ‘रेडफॉल’ हा चौघांचा गेम २ मे २०२३ रोजी आला तेव्हाच्या टीकेत तांत्रिक दोषांच्या बरोबरीने रिकामे वाटणारे शहर, निर्बुद्धपणे वागणारे शत्रू आणि एकट्याने खेळतानाही लागणारे इंटरनेट यांचा उल्लेख वारंवार होत होता. हा दुसऱ्या ढिगातला मजकूर होता. पुढे सुधारणा आल्या, इंटरनेटशिवाय खेळण्याची सोयही मे २०२४ च्या अखेरीस मिळाली, पण तोपर्यंत तो तयार करणारा स्टुडिओ बंद करण्याचा निर्णय जाहीर झालेला होता.

नियतकालिकांतील परीक्षणे वाचताना परीक्षकाने कोणत्या यंत्रावर आणि कोणासोबत खेळून लिहिले हे शोधावे. ‘सायबरपंक २०७७’ सहकार्याचा गेम नसला तरी डिसेंबर २०२० मधला त्याचा धडा सर्वांना लागू पडतो: प्रदर्शनापूर्वीची परीक्षणे संगणकावरच्या आवृत्तीची होती, जुन्या कन्सोलवरची अवस्था लोकांना विकत घेतल्यावर कळली आणि आठवडाभरात तो प्लेस्टेशनच्या दुकानातून काढून टाकण्यात आला. सहकार्याच्या गेममध्ये आणखी एक अडचण असते, ती म्हणजे परीक्षकाला प्रदर्शनापूर्वी रिकाम्या सर्व्हरवर खेळावे लागते. तेव्हा अनुभव गुळगुळीत असणे साहजिक आहे.

यूट्यूबवरील खेळाडूंच्या चित्रफिती मला लेखी परीक्षणांपेक्षा अधिक उपयोगी वाटतात, पण त्यांतील हसणे-खिदळणे हे त्या चौघांच्या मैत्रीचे आहे की गेमचे, हे वेगळे करावे लागते. पैसे घेऊन केलेल्या चित्रफितीवर तसा स्पष्ट उल्लेख असावा असा नियम मुंबईस्थित ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडियाने जून २०२१ पासून लागू केला आहे. तो उल्लेख आहे का, हे वर्णनात पाहावे.

मुंबईच्या घरात पहिली चाचणी

परदेशातील कोणीही ‘लॅग अजिबात नाही’, म्हणजे जोडणीत विलंब नाही, असे लिहिले तरी ते आपल्याला लागू होत नाही. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो आणि सर्व्हर सिंगापूरला असेल तर ते मुंबईपासून सुमारे ३,९०० किलोमीटरवर आहे, म्हणजे सर्व काही आदर्श असले तरी जाऊन-येऊन ४० मिलिसेकंद लागणारच. प्रत्यक्षात त्याहून जास्त लागतात, आणि युरोपातला सर्व्हर असेल तर पिंग, म्हणजे हा जाण्या-येण्याचा वेळ, सहज शंभर मिलिसेकंदांपुढे जातो. म्हणून अभिप्रायांत ‘मुंबई सर्व्हर’ किंवा ‘आशिया सर्व्हर’ हे शब्द शोधावेत. चौघे मिळून गेमच चालवत असलेल्या शत्रूंशी लढत असाल तर शंभराचा पिंगही चालून जातो. एकमेकांविरुद्ध लढण्याइतका तो जाचक नसतो.

जोडणीचा दुसरा प्रश्न घराघरांतला आहे. अनेक स्थानिक नेटवाले एकच सार्वजनिक आयपी पत्ता (इंटरनेटवरचा जोडणीचा क्रमांक) पुष्कळ घरांत वाटतात, आणि खेळाडूंच्या यंत्रांना थेट जोडणाऱ्या गेममध्ये अशा घरातून यजमान होता येत नाही. ‘मित्र सापडतो पण खोलीत शिरता येत नाही’ अशी तक्रार दिसली तर बहुधा कारण हेच असते. आमच्या गटात वाशीच्या मित्राकडे स्वतंत्र आयपी आहे, म्हणून यजमान नेहमी तोच असतो.

डाउनलोडची वेळही आधी काढून ठेवावी. १०० एमबीपीएसची जोडणी म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, त्या हिशेबाने १०० जीबीला सव्वादोन तास लागतात. ४० एमबीपीएसवर साडेपाच तास. ‘हेलडायव्हर्स २’ संगणकावर दीडशे जीबीपर्यंत पोहोचला होता, कारण जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर लवकर सुरू व्हावा म्हणून तीच माहिती अनेकदा साठवलेली होती; २०२५ च्या अखेरीस तो २३ जीबीच्या आसपास आणला गेला. प्रीलोडची, म्हणजे गेम खुला होण्याआधीच डाउनलोड करण्याची, सोय असेल तर ती आदल्या रात्रीच वापरावी आणि सकाळी घरातील कोणाच्या ऑनलाइन वर्गाच्या किंवा मीटिंगच्या आड डाउनलोड येणार नाही हे पाहावे.

मग स्टीमवाल्या मित्राने दोन तासांची चाचणी घ्यावी. पहिली पंधरा मिनिटे गेमची ओळख करून देणाऱ्या धड्यात जातात, म्हणून तो धडा संपताच अनोळखी खेळाडूंसोबत एक मोहीम करावी आणि तिच्यात पिंग, आवाज आणि एकदा मुद्दाम बाहेर पडून पुन्हा आत शिरता येते का, एवढे तपासावे. घरात माणसे झोपलेली असताना कुजबुजत्या आवाजात बोलूनही माइक आवाज पकडतो का, हेही त्याच वेळी कळते, आणि एका खोलीच्या घरातून खेळणाऱ्याला ते कळणे पिंगइतकेच महत्त्वाचे आहे. पावणेदोन तासांवर घड्याळ पोहोचले की गेम बंद करून त्याने गटाला कळवावे. तिघांपैकी एकानेही नकार दिला तर परताव्याचा अर्ज त्याच रात्री करावा.