अ‍ॅम्प्लिफायर घेताना या चुका टाळा, आणि आधी तो वॅटचा आकडा बाजूला ठेवा

घरी गाणी ऐकायला स्वस्तातला इंटिग्रेटेड (सगळे भाग एकाच खोक्यात असलेला) अ‍ॅम्प कोणता घेऊ, असं विचारणाऱ्या बहुतेकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘शंभर वॅट पुरतील ना?’ सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

गेल्या दिवाळीत आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी मला बोलावून नेलं. ऑनलाइन मागवलेला तळहाताएवढा अ‍ॅम्प, खोक्यावर ‘२ × १०० वॅट’. विलंबित ख्याल छान वाजत होता. द्रुत सुरू झाला, काकांनी आवाज वाढवला आणि डग्गा फाटक्या पत्र्यासारखा वाजायला लागला. स्पीकर गेले असं धरून त्यांनी नव्या जोडीचे पैसेही काढून ठेवले होते. मी अ‍ॅडॅप्टर हातात घेऊन त्यावरचं लेबल वाचलं: १२ व्होल्ट, २ अँपिअर. गुणाकार केला की २४ वॅट. आत २४ जात असतील तर बाहेर २०० कुठून येणार? १२ व्होल्टवर ८ ओमच्या (ओम म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो त्याचं माप) स्पीकरला एका चॅनेलमागे, म्हणजे डाव्या किंवा उजव्या बाजूला, फार तर ९ वॅट मिळतात. त्यापुढे आवाजाच्या लहरींचे शेंडे छाटले जातात, आणि तेच आपल्याला फाटल्यासारखं ऐकू येतं. माहितीपत्रकात २४ व्होल्टपर्यंत चालेल असं छापलेलं होतं, म्हणून २४ व्होल्ट, ५ अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर आणून लावला. स्पीकर तेच, बंदिश तीच, पण डग्गा घुमला. स्पीकरचे पैसे वाचले.

म्हणून मी नेहमी पूर्ण ओळ वाचतो: किती ओमला, दोन्ही चॅनेल चालू असताना, किती डिस्टॉर्शनला, म्हणजे आवाज किती बिघडलेला असताना. छोट्या अ‍ॅम्पचे मोठे आकडे बहुधा १० टक्के डिस्टॉर्शनचे असतात. डेनॉनचा पीएमए-६००एनई ८ ओमला ४५ वॅट सांगतो, पण ०.०७ टक्क्यांवर. १९७८ चा एनएडी ३०२० अवघ्या २० वॅटचा होता, तरी अजून लोक तो शोधत फिरतात. वॅट दुप्पट केले तरी वाढ फक्त ३ डेसिबलची. तेवढा फरक ८७ ऐवजी ९० डेसिबल सेन्सिटिव्हिटीचे (तेवढ्याच वॅटला स्पीकर किती मोठा वाजतो ते माप) स्पीकर घेतले तरी पडतो. स्पीकर न ठरवता अ‍ॅम्प विचारायला येणाऱ्यांना मी सरळ परत पाठवतो.

दुसरी चूक रेकॉर्डवाल्यांची. टर्नटेबल थेट ‘ऑक्स’ला, म्हणजे साध्या इनपुटला, जोडायचा आणि अ‍ॅम्पमध्ये दम नाही म्हणायचं! एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) प्रकारच्या काट्यातून साधारण ५ मिलिव्होल्ट येतात, सीडी प्लेअरमधून २ व्होल्ट. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी केलेला असतो, तो फोनो स्टेज, म्हणजे टर्नटेबलचा क्षीण सिग्नल वाढवणारी पायरी, हीच भरून काढते. अ‍ॅम्पच्या मागे ‘फोनो’ लिहिलेलं नसेल आणि टर्नटेबललाही स्वतःची फोनो स्टेज नसेल, तर वेगळा फोनो प्रीअ‍ॅम्प घ्यावाच लागतो.

अमेरिकेहून भाच्याने आणलेला १२० व्होल्टचा अ‍ॅम्प आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये थेट लावू नका.

बंद शोकेसमध्ये अ‍ॅम्प कोंडू नका. मी वर चार बोटं जागा सोडतो.

स्पीकर वायरचा एक सुटा तंतू शेजारच्या टर्मिनलला टेकला तरी आउटपुट जळू शकतं. मी प्रत्येक टोक पिळून, टॉर्च मारून बघतो आणि मगच स्विच लावतो. या दोन मिनिटांची घाई करणाऱ्यांचे अ‍ॅम्प मी खोलून पाहिले आहेत. जळक्या वार्निशचा वास झाकण काढायच्या आधीच येतो.

दुकानात जाताना रोजच्या ऐकण्यातलं एक गाणं घेऊन जा. दुकानदार स्वतःचा दणदणीत डेमो लावेल, तो थांबवायला सांगा आणि आपलं गाणं हळू आवाजात वीस मिनिटं ऐका. हळू आवाजातही तानपुऱ्याची जवारी सुटी ऐकू आली, तर तो अ‍ॅम्प मी घेतो.