गोल्डफिशचं खाणं: घरी काय करायचं, विकत काय आणायचं

गेल्या गणपतीत घरी आलेल्या मुलांनी आमच्या टाकीत मूठभर चिरमुरे टाकले. बेळगावात कुठल्याही घरात चिरमुऱ्यांचा डबा असतोच, आणि मासे वर येऊन ते पटापट खातात म्हणून मुलं हरखली. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा ओरांडा, म्हणजे गोल अंगाचा गोल्डफिश, एका कुशीवर तरंगत होता. शेपटीचा जोर लावून तळाशी जायचा आणि बुचासारखा परत वर यायचा. तीन दिवस काहीच घातलं नाही, चौथ्या दिवशी वाफवलेला वाटाणा दिला. त्यानंतर हळूहळू तो सरळ पोहू लागला.

गोल्डफिशला जठर नसतं. खाल्लेलं थेट आतड्यात जातं. म्हणून चिरमुरे, पाव, चपातीचे तुकडे असलं पाण्यात फुगणारं पिठूळ खाणं त्याला घालूच नका.

घरचं की विकतचं, असं मला बरेच जण विचारतात. माझं मत पक्कं आहे: रोजचं खाणं विकतच्या गोळ्यांचं आणि आठवड्यातून दोन-तीनदा घरचं. सगळंच घरी करायला गेलं तर जीवनसत्त्वांचा मेळ आपल्याला घालता येत नाही. नुसत्या कोरड्या गोळ्यांवर ठेवलं तर पोटात चोथा आणि ओलावा कमी पडतो, आणि गोल अंगाच्या माशांना त्याचा त्रास आधी होतो.

गोळ्या घेताना गोल्डफिशसाठी असलेल्या, बुडणाऱ्या घ्या. पाकिटावर प्रथिनं ३० ते ४० टक्के असावीत आणि घटकांच्या यादीत गव्हाच्या पिठाआधी मासळीची पूड असावी. पोत्यातून सुट्ट्या तोलून देतात त्या स्वस्त पडतात, पण त्यांच्यावर तारीख नसते. आपल्याकडच्या पावसाळ्यात हवेतला ओलावा लागून गोळ्यांना बुरशी येते, आतलं तेल खवट होतं. दोन-तीन महिन्यांत संपेल एवढंच लहान पाकीट आणा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. घालण्याआधी मिनिटभर पाण्यात भिजवा.

आता घरचं. यासाठी १०० ग्रॅम सोललेली कोळंबी, अर्धी वाटी ओले वाटाणे, गाजराचा बोटभर तुकडा, पालकाची चार पानं, एक वाटी पाणी आणि दोन चमचे चायना ग्रासची पूड लागते. मीठ, तेल, हळद काही नाही. कॅम्पातल्या मासळी बाजारातली ताजी कोळंबी चालते. सुकवलेली खारी कोळंबी अजिबात नको.

कोळंबी मधला काळा धागा काढून पाच मिनिटं उकळा. काही कच्च्या मासळीत आणि शिंपल्यांत बी१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो, तो शिजवल्यावर जातो. वाटाणे आणि गाजर मऊ होईपर्यंत उकडा, पालक शेवटी मिनिटभर टाका. मग प्रत्येक वाटाण्याची साल काढा. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. सगळं मिक्सरमध्ये गुळगुळीत वाटा.

चायना ग्रास वाटीभर गार पाण्यात ढवळून दोन मिनिटं खळखळ उकळा. नुसतं गरम करून भागत नाही, उकळी आल्याशिवाय ती नीट विरघळत नाही. जिलेटिन वापरू नका, ते उन्हाळ्यात टाकीतच विरघळून पाणी गढूळ करतं. वाटण कोमट असतानाच उकळतं पाणी त्यात ओता, भराभर ढवळा आणि ताटलीत अर्ध्या सेंटिमीटरचा थर पसरा. अर्ध्या तासात वडीसारखं घट्ट होतं. सुरीने पट्ट्या कापा आणि पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. महिनाभर चांगलं राहतं. बर्फ सुटल्यावर वडीतून थोडं पाणी निघतं, ते टाकून द्या.

श्रावणात ज्यांच्या घरात कोळंबी येत नाही त्यांनी तिच्याऐवजी तीन मोठे चमचे भिजवलेल्या गोळ्या वाटून घालाव्यात. गोळ्यांतली जीवनसत्त्वं उकळत्या पाण्याने जाऊ नयेत म्हणून या प्रकारात चायना ग्रासचं पाणी हाताला सोसेल इतकं निवू द्या, पण गोठायच्या आत मिसळा.

घालताना नखाएवढी पट्टी घ्या, तिचे बारीक तुकडे करा. पहिल्यांदा मासा तोंडात घेईल आणि थुंकेल, पुन्हा घेईल. थांबा. दोन मिनिटांत जेवढं संपतं तेवढंच त्याचं जेवण. उरलेलं जाळीने काढा, नाहीतर त्यातून अमोनिया तयार होतो. नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्या गल्लीत टाकीचं पाणी हवं तेव्हा बदलता येत नाही, तिथे तर कमीच घाला. पौषातल्या थंडीत टाकीला हात लावून बघा: पाणी गारठलं असेल तर दोन वेळांऐवजी एकदाच, तेही ऊन वर आल्यावर.