राग हरणावर, बिऱ्हाड उंदराकडे: घरामागची गोचीड मोजायची आणि कमी करायची कशी

न्यू जर्सी, कनेक्टिकट, न्यूयॉर्कच्या उपनगरांत घरामागे थोडी झाडी असली की गोचीड चावल्याने होणाऱ्या लाइम आजाराचा विषय निघतोच, आणि दोष हरणाच्या माथी बसतो. हरणाच्या रक्तावर प्रौढ गोचिडी पोसल्या जातात, हे खरं. पण लाइमचा जिवाणू, बोरेलिया बर्गडॉर्फेराय, हरणाकडून गोचिडीत जात नाही. त्याचं मुख्य कोठार म्हणजे पांढऱ्या पायांचा उंदीर. खारीसारखे चिपमंक आणि चिचुंद्रीसारखे श्रू हेही त्यात आले. उंदीर आजारी दिसत नाही, जिवाणू मात्र महिनोन्‌महिने बाळगतो.

अंड्यातून निघालेल्या गोचिडीच्या सहा पायांच्या पिल्लात लाइमचा जिवाणू नसतो. ते साधारण ऑगस्टमध्ये उंदराला चावतं, तिथे जिवाणू घेतं, हिवाळा पाचोळ्यात काढतं आणि पुढच्या मे-जूनमध्ये खसखशीच्या दाण्याएवढं, आठ पायांचं होऊन माणसाला चिकटतं. म्हणून उंदरांवर यंदा केलेल्या कामाचा गुण आला तर पुढच्या उन्हाळ्यात येतो. दोन महिन्यांत फरक नाही म्हणून काम सोडून देणं ही इथली नेहमीची चूक.

आधी मोजा. पांढरं फ्लॅनेल किंवा कॉर्डरॉय, एक मीटर लांब-रुंद. एका कडेला गोल काठी शिवून तिच्या दोन्ही टोकांना दोरी बांधा. मागच्या कडेला चार-पाच लोखंडी वॉशर टाचा, नाहीतर कापड पाचोळ्यावर बसत नाही, वर तरंगतं. मे अखेर ते जून, दव वाळल्यावर, वारा नसताना झाडीच्या कडेने हळूहळू ओढा. दर दहा-पंधरा मीटरला कापड उलटून दोन्ही बाजू पाहा. जास्त अंतर गेलात तर चढलेल्या गोचिडी परत झडून पडतात. ओल्या कापडाला त्या नीट चिकटत नाहीत. शंभर मीटर ओढलं की शंभर चौरस मीटरचा आकडा मिळाला. पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात, त्याच वाटेने पुन्हा ओढायचं. सापडलेल्या गोचिडी चिकटपट्टीने उचला किंवा रबिंग अल्कोहोलच्या बाटलीत टाका. कापलेल्या हिरवळीच्या मधोमध ओढून ‘आमच्याकडे नाहीत’ म्हणू नका. हिरवळीवरच्या बहुतेक गोचिडी कडेपासून नऊ फुटांच्या आतच असतात. ऑगस्टमध्ये कापडावर काळ्या ठिपक्यांचा सडा दिसला तर ती पिल्लं. तो आकडा वेगळा लिहा.

ओढताना फिक्या रंगाची पँट, तिच्यावरून ओढलेले मोजे, आणि कपड्यांना आधीच मारून वाळवलेलं ०.५ टक्के पर्मेथ्रिन हे कीटकनाशक. हे अंगाला लावायचं नाही. घरी आल्यावर कपडे धुवायच्या आधी कोरडेच ड्रायरमध्ये कडक उष्णतेवर दहा मिनिटं. आधी कोमट पाण्यात धुतलेत तर गोचिडी जिवंत राहू शकतात, आणि ओले कपडे वाळायला वेळही जास्त लागतो.

मग उंदराची सोय मोडा. कोकणातल्या गडग्यासारख्या, दगडांवर दगड रचलेल्या भिंती इथे जुन्या शेतांच्या हद्दीवर असतात. त्यांच्या फटी म्हणजे उंदरांची चाळच. घसरगुंडी, झोपाळा, बसायची जागा तिथून दूर न्या. सरपणाची थप्पी जमिनीपासून उचलून उन्हात ठेवा. पक्ष्यांचे दाणे सांडतात तिथे उंदीर येणारच. उन्हाळ्यात फीडर काढून ठेवलेला बरा. झाडी आणि हिरवळीमध्ये तीन फूट रुंद वुडचिप्स किंवा खडीचा कोरडा पट्टा घाला. गोचीड कोरड्यात तग धरत नाही. काढलेला पाचोळा झाडीच्या कडेलाच ओतला तर मेहनत वाया.

पर्मेथ्रिन लावलेल्या कापसाच्या नळ्या मिळतात. उंदीर तो कापूस बिळात नेतो आणि त्याच्या अंगावरच्या गोचिडी मरतात. कनेक्टिकट आणि न्यूयॉर्कमधल्या चाचण्यांत मात्र एवढ्यावर परिसरातल्या गोचिडी कमी झालेल्या दिसल्या नाहीत. गोचिडींना पोसणारे प्राणी इतरही आहेत, आणि ते सगळे कापूस नेत नाहीत. भर म्हणून ठेवा, भिस्त ठेवू नका. घरी कापूस भिजवून नळ्या बनवायच्या भानगडीत पडू नका. ओलं पर्मेथ्रिन मांजराला घातक आहे.

गोचीड चिकटलेली दिसलीच तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला अगदी लागून धरा आणि सरळ वर, एका दमात पण हळू ओढा. तेल, व्हॅसलीन, पेटती काडी काही नको. पोट दाबू नका. काढलेली गोचीड चिकटपट्टीत बंद करून तारीख घाला. जिवाणू अंगात उतरायला सहसा चोवीस तासांहून जास्त चिकटून राहावं लागतं. ती फुगलेली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा; प्रतिबंधक डॉक्सिसायक्लिनचा एकच डोस, प्रौढांना २०० मिलिग्रॅम, काढल्यापासून ७२ तासांच्या आतच देतात. ३ ते ३० दिवसांत पसरत जाणारा लाल चट्टा उठला तर त्याचा फोटो काढून दाखवायला जा. पहिल्या काही आठवड्यांत रक्ततपासणी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून चट्टा पाहूनच उपचार सुरू करतात.