रोमा लोकांवर कट्ट्यावर बोलायचंय? मग ऑशविट्झपासून सुरू करू नका

मागच्या वर्षी आमच्या नौपाड्यातल्या वाचनकट्ट्यावर मी रोमा लोकांवर, म्हणजे ज्यांना जग जिप्सी म्हणतं त्यांच्यावर, बोलले आणि सपाटून आपटले. वीस-बावीस माणसं, बहुतेक पन्नाशीच्या पुढची, आणि मी पहिल्याच मिनिटाला ऑशविट्झसारख्या नाझी छळछावण्या, मृतांचे आकडे सगळं ओतलं. लोकांनी च्च च्च केलं आणि चहा कधी येतोय बघायला लागले. मग तेच नेरुळला एका सोसायटीच्या हॉलमध्ये दुसऱ्या पद्धतीने केलं तर दीड तासाचे अडीच तास झाले. तेव्हा कुणाला करायचं असेल तर माझ्या चुकांवरून शिका.

सुरुवात आकडे मोजण्यापासून करा. म्हणजे अक्षरशः एक ते दहा. फळ्यावर रोमानी भाषेतले लिहा, येख, दुई, त्रिन, श्तार, पांज, शोव, एफ्ता, ओख्तो, एन्या, देश. काही सांगू नका, फक्त मोठ्याने वाचायला लावा. पाचपर्यंत सगळे हसतात, सातला अडकतात. मग सांगा की सात, आठ, नऊ हे ग्रीक आहेत, म्हणजे हे लोक साधारण हजार वर्षांपूर्वी आपल्या उपखंडाच्या वायव्येकडून निघाले आणि युरोपात पसरण्याआधी ग्रीक बोलणाऱ्या मुलखात बराच काळ राहिले. त्यांच्याकडे पाणी म्हणजे पानी, नाक म्हणजे नाक, कान म्हणजे कान, माणूस म्हणजे मनुष, आणि मीठ म्हणजे लोन. हे लोन सांगितलं की एखादी काकू हमखास म्हणते, अगोबाई म्हणजे लोणच्यातलं लोण! तिथे तुमची सभा जिंकली समजा.

पण तिथेच एक खड्डा आहे. लगेच कुणीतरी छाती फुगवून म्हणणार की म्हणजे ते आपलेच, राजपूत होते ना, लढाईत हरून गेले. यात वाहवत जाऊ नका. राजपूत होते याला भक्कम पुरावा नाही, आणि रोम हा शब्द बरेच भाषातज्ज्ञ आपल्याकडच्या डोम या शब्दाशी जोडतात. हे सांगितलं की हॉलमध्ये जी शांतता पसरते ना ती मोडू नका, पाच सेकंद राहू दे. डोम म्हणजे स्मशानात काम करणारी, अस्पृश्य ठरवलेली जात, हे सगळ्यांना माहितीये.

मग शब्दावर या. मराठीत जिप्सी म्हटलं की आपल्याला कवितेतला मनमौजी भटक्या आठवतो, नाहीतर मारुतीची गाडी. मुळात तो शब्द इजिप्शियनवरून पडला, कारण इंग्लंडातल्या लोकांना वाटलं हे इजिप्तहून आलेत. 1530 मध्ये तिथे इजिप्शियन लोकांविरुद्ध कायदाच झाला, देश सोडा म्हणून, आणि 1554 मध्ये न जाणाऱ्याला फाशीची सोय. भटकण्याची हौस होती असं नाही हो, थांबू दिलं नाही. आणि जिथे थांबवलं तिथे कसं थांबवलं ते ऐका. आजच्या रोमेनियातल्या वालाकिया आणि मोल्दाविया या संस्थानांत हे लोक गुलाम होते, राजाचे, मठांचे आणि सरदारांचे. 1385 च्या एका दानपत्रात 40 कुटुंबं मठाला दिल्याची नोंद आहे, आपल्याकडे इनामात जमीन देतात तशी माणसं. हे 1855-56 मध्ये कायद्याने संपलं. म्हणजे आपला 1857 चा उठाव आणि यांची सुटका यात जेमतेम एक वर्ष, हे असं जोडून सांगा, नुसतं साल डोक्यात राहत नाही.

स्पेनमध्ये 1749 मध्ये एकाच मोहिमेत देशभरातून हजारो जणांना पकडून कोंडलं, पुरुष वेगळे, बायका-पोरं वेगळी. ऑस्ट्रियाच्या राणी मारिया थेरेसाने आणि नंतर तिच्या मुलाने उलटं केलं, भाषा बंद, आपसांत लग्न बंद, पोरं काढून शेतकऱ्यांच्या घरी. सुधारणा म्हणे. हे दोन्ही दोन-दोन मिनिटांत उरका, नाहीतर यादी होते आणि लोक मोबाईल काढतात.

जिथे थांबायचं ती जागा म्हणजे वही. 1899 मध्ये म्युनिकच्या पोलिसांनी यांच्यासाठी खास नोंदणी कचेरी उघडली आणि 1905 मध्ये आल्फ्रेड डिलमान नावाच्या अधिकाऱ्याने पुस्तकच छापलं, तीन हजारांवर नावं त्यात. कुठला गुन्हा केला म्हणून नाही, जन्म कुठल्या घरात म्हणून. 1926 मध्ये म्युनिकच्याच बव्हेरिया प्रांतात कायदा, कायमचं काम दाखवता आलं नाही तर दोन वर्षांपर्यंत सक्तीच्या कामाला. हिटलर अजून सत्तेत यायचाय हे लक्षात आणून द्या. तो आला तेव्हा वह्या तयार होत्या, त्याच्या लोकांनी त्यात फक्त रक्ताचं मोजमाप घातलं. नाझींसाठी वंशाचा ‘अभ्यास’ करणारा डॉक्टर रॉबर्ट रिटर आणि त्याची सहकारी एवा युस्टिन वंशावळी काढत गावोगाव फिरत होते. त्या वंशावळींच्या जोरावर माणसं ऑशविट्झला गेली. 2 ऑगस्ट 1944 च्या रात्री तिथल्या रोमा छावणीत उरलेली सगळी माणसं, चार हजारांच्या वर म्हातारी, बायका, पोरं, गॅसने मारली. एकूण मेलेल्यांचा अंदाज अडीच लाख ते पाच लाख. आणि युद्धानंतर? रिटर आणि युस्टिन दोघेही फ्रँकफुर्टच्या आरोग्य खात्यात नोकरीला. 1956 मध्ये जर्मनीच्या वरिष्ठ कोर्टाने तर म्हटलं की 1943 च्या आधीचा छळ वांशिक नव्हता, पोलिसी बंदोबस्त होता. म्हणून भरपाई नाही. जर्मन सरकारने हा वंशसंहार होता हे मान्य केलं 1982 मध्ये.

फोटो दाखवायचा असेल तर एकच दाखवा. मालगाडीच्या दारातून बाहेर बघणारी, डोक्याला फडकं बांधलेली मुलगी, 1944, नेदरलँड्स. पन्नास वर्षं जग तिला ज्यू मुलगी समजत होतं, 1994 मध्ये कळलं की ती सिंती होती, म्हणजे याच लोकांपैकी, सेतेला नाव. नऊ वर्षांची. त्याच उन्हाळ्यात ऑशविट्झला मारली. स्वतःच्या मरणाच्या फोटोतही ती तिच्या नावाने नव्हती, बास, यापुढे बोलू नका, पुढची स्लाइड.

आता इथे कुणीतरी युरोप टूर करून आलेले काका उठणारच. टूर मॅनेजरने बजावलं होतं, पाकीट सांभाळा, त्या बायकांपासून लांब राहा. त्यांच्यावर चिडू नका, मी चिडले होते, काही फायदा नाही झाला. त्यांना एवढंच विचारा की ठाण्याच्या लोकलमध्ये पाकीट गेलं तेव्हा चोराची अख्खी जात चोर ठरवली का? दोनजण हो म्हणतील 😅 मग 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा काढा. जन्मतःच गुन्हेगार, पोलिसात हजेरी, सोलापूरला तारेच्या कुंपणातली वसाहत. 31 ऑगस्ट 1952 ला तो रद्द झाला, म्हणून विमुक्त दिन. म्युनिकची वही आणि ही हजेरी एकाच जातीच्या गोष्टी आहेत, पण सगळं सारखंच असं म्हणू नका, तिकडे शेवट गॅस चेंबरपर्यंत गेला, हा फरक ठेवा.

सगळ्यात जास्त वेळ शाळेला द्या, कारण आपल्या लोकांना ॲडमिशन कळते. झेक प्रजासत्ताकात ऑस्ट्राव्हा शहर. 18 रोमा मुलांना मतिमंदांसाठीच्या विशेष शाळेत टाकलं होतं, प्रकरण 2000 मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेलं. त्यांच्या बाजूचे आकडे फळ्यावर लिहा: शहरातल्या प्राथमिक शाळांच्या पोरांत रोमा जेमतेम सव्वादोन टक्के, विशेष शाळांत 56 टक्के. रोमा मूल तिथे जाण्याची शक्यता इतरांपेक्षा 27 पट. कुणी दुष्ट माणूस नाही यात, फक्त एक बुद्धिमत्ता चाचणी, बहुसंख्य पोरांच्या भाषेवर आणि घरावर बेतलेली, आणि खाली पालकांची सही. सरकार म्हणालं सही आहे की! 2006 मध्ये मुलं हरली, 2007 च्या नोव्हेंबरमध्ये मोठ्या खंडपीठासमोर 13 विरुद्ध 4 अशी जिंकली, आणि न्यायालयाने सांगितलं की भेदभाव नको हा हक्क सही करून सोडता येत नाही. विशेष शाळांचं नाव तोवर बदलून झालंच होतं, पोरं मात्र बऱ्याच ठिकाणी तिथेच राहिली.

नेरुळला एका मुलीने विचारलं, ठाण्यात तीन हात नाक्याच्या पुलाखाली सिग्नलवरच्या पोरांसाठी सिग्नल शाळा आहे, तीपण वेगळीच ना मग? उत्तम प्रश्न, टाळू नका. मी म्हटलं ऑस्ट्राव्हात शाळेच्या दारात आलेल्या पोराला दुसरीकडे वळवलं, हलका अभ्यास दिला, परतीची वाट जवळपास बंद. इथे शाळेतच नसलेलं पोर आणून त्याला दहावीच्या वाटेला लावतात. वेगळी खोली आहे म्हणून नाही, तिचं दार कुठे उघडतं ते बघा. ती म्हणाली पण कायमचीच झाली तर? तेही खरंच आहे, मला पुढे उत्तर सुचलं नाही आणि मी तसं सांगितलं.

भिंतीची गोष्ट शेवटाकडे ठेवा. 1999 च्या ऑक्टोबरमध्ये उस्ती नाद लाबेम या झेक शहरात मातिचनी रस्त्यावर रोमा वस्तीसमोर भिंत बांधली, तक्रार काय तर आवाज आणि कचरा. जगभर बोंब झाली, सहा आठवड्यांत पाडली. मग नुसतं म्हणा, आपल्या सोसायटीच्या मागच्या भिंतीची उंची कुणी वाढवली होती आणि मीटिंगमध्ये कारण काय लिहिलं होतं आठवतंय का. घोडबंदरचे लोक असतील तर पुढची वीस मिनिटं तुम्हाला बोलावंच लागत नाही.

तारखेचं म्हणाल तर 2 ऑगस्टला त्यांचा स्मृतिदिन, पण ठाण्यात तेव्हा पाऊस असा की निम्मी माणसं येत नाहीत. 8 एप्रिल त्यांचा दिवस, 1971 मध्ये लंडनजवळ पहिली जागतिक परिषद भरली आणि निळ्या-हिरव्या झेंड्यावर लाल चाक ठरलं, त्याचं आपल्या अशोकचक्राशी नातं आहे आणि त्यात आपला एक अधिकारी, डब्ल्यू. आर. ऋषी, होता. हे लोकांना आवडतं. फक्त एप्रिलमध्ये हॉलचे पंखे आधी तपासा, नेरुळला दोन बंद होते.