पऱ्हाटीचं यंत्र आधी प्रदर्शनात, मग पेटंटला? या चुका टाळा

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कापूस निघाला की पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, थोडी चुलीत जाते, बाकीची धुऱ्यावर पेटते. तिचा भुसा दाबून पांढऱ्या कोळशाच्या कांड्या पाडणारं यंत्र मी दोन वर्षं खपून बनवलं, आणि कागदपत्रांत पार गाढवपणा केला.

तालुक्याच्या कृषी प्रदर्शनात साचा उघडूनच दाखवला. आतली निमुळती नळी, वाफ निघायला पाडलेली तीन भोकं, सगळं. कुणीतरी व्हिडिओ काढून यूट्यूबवर टाकला. चार महिन्यांनी वकिलाकडे गेलो, तर त्यांनी तोच माझ्यापुढे लावला. पेटंटला वस्तू जगात नवी लागते, आणि ती आपणच उघड केली तरी नवेपण जातं. प्रदर्शनासाठी १२ महिन्यांची सवलत आहे, पण केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना. आमच्या मंडपाला कोण विचारतो!

म्हणून दाखवण्याआधी पेटंटचा तात्पुरता अर्ज टाका. ऑनलाइन, वैयक्तिक अर्जदाराला १,६०० रुपये. त्यानंतर १२ महिन्यांत पूर्ण तपशील गेला नाही, तर अर्ज सोडून दिला असं धरतात. पेटंट कार्यालयाने अर्ज तपासावा ही मागणीही वेगळी करावी लागते, हे मला फार उशिरा कळलं.

दाखवून झालं असेल तर? जे दाखवलं नाही ते शोधा. ओला भुसा आला की माझी कांडी तडकायची, म्हणून नंतर मी भुसा सुकवायची सोय जोडली. ती कुणी पाहिली नव्हती, अर्ज तिच्यावर केला. मात्र बाजारातला पंखा, पत्रा आणि पेटी नुसती एकत्र ठेवून पेटंट मागू नका. पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्ये अशी जुळवाजुळव बाद आहे, शेतीची पद्धतही.

नावाचंही तसंच. 'हरित इंधन' हे नाव मालाचं वर्णनच करतं, म्हणून ट्रेडमार्कला आक्षेप आला. सध्या जो तो ग्रीन, इको, सौर यांच्या मागे आहे. मालाशी संबंध नसलेलं नाव घ्या. ट्रेडमार्कची नोंदणी मालाच्या वर्गाप्रमाणे होते: कांडी वर्ग ४ मध्ये, यंत्र वर्ग ७ मध्ये. वैयक्तिक अर्जदाराला प्रत्येक वर्गाचे ऑनलाइन ४,५०० रुपये. नोंदणीआधी नावापुढे गोलातला 'आर' (®, नोंदणी झाल्याची खूण) छापू नका.

पोत्यांवर मी '१०० टक्के पर्यावरणपूरक' छापलं होतं. पर्यावरणाच्या फसव्या दाव्यांबद्दलच्या केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा दाव्याला पुरावा लागतो. उरलेल्या पोत्यांवर सध्या कागद चिकटवतोय.