नवं .२२ पिस्तूल अडकतंय? या चुका टाळा

नागपुरातली बहुतेक मुलं-मुली १० मीटर एअर पिस्तुलावरून २५ मीटरकडे येतात. एअर पिस्तुलात प्रत्येक छर्रा आपल्या बोटांनी ठेवायचा असतो. पुंगळी, म्हणजे काडतुसाचं रिकामं कवच नाही, मॅगझिन भरायची घाई नाही. .२२ चं सेमी-ऑटोमॅटिक टार्गेट पिस्तूल आलं की सगळं बदलतं. आता प्रत्येक गोळीनंतर पिस्तूलच पुंगळी बाहेर फेकतं आणि पुढचं काडतूस आत घेतं. मग दुसऱ्या-तिसऱ्या मॅगझिनला ते अडकतं. परवाना आणि आयात यांत घरच्यांचे महिने गेलेले असतात, पैसा तर विचारूच नका. त्यामुळे पोरगं रडवेलं होऊन म्हणतं, ‘सर, पिस्तूलच खराब निघालं.’

बहुतेक वेळा पिस्तूल खराब नसतं. काडतूस, मॅगझिन, तेल किंवा हाताची पकड यांपैकी एका ठिकाणी गडबड असते, आणि ती कुठे आहे हे अडकलेलं पिस्तूलच दाखवत असतं. फक्त ते बघायच्या आत आपण पुरावा पुसून टाकतो.

अडकलं की लगेच बोल्ट ओढणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पिस्तूल थांबलं की हात आपोआप बोल्टकडे, म्हणजे काडतुसामागे पुढे-मागे सरकणाऱ्या भागाकडे जातो, खटकन ओढतो, पुंगळी खाली पडते आणि नेमकं काय अडकलं होतं ते कळायचा मार्ग संपतो. त्याऐवजी नळी टार्गेटकडेच ठेवा, बोट चापाबाहेर काढा आणि नुसतं बघा. मोबाइलवर फोटो हवा असेल तर तो शेजारी उभ्या असलेल्या कोचला काढू द्या. मग मॅगझिन काढा, त्यानंतर बोल्ट मागे घ्या आणि चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा, रिकामं असल्याची डोळ्यांनी खात्री करा. हा क्रम बदलू नका.

स्पर्धेत तर या सवयीने गुण जातात. आयएसएसएफ, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार पिस्तूल अडकल्यावर ते टार्गेटच्या दिशेला धरून, दुसरा हात वर करून रेंज ऑफिसरला कळवायचं असतं. त्याने तपासण्याआधी नेमबाजाने बोल्टला किंवा सेफ्टीला हात लावला, तर तो बिघाड ग्राह्य धरला जात नाही. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण मिळवलं, त्याच्या रॅपिड टप्प्यात एका गोळीला ३ सेकंद मिळतात. तेवढ्यात विचार करून हात आवरता येत नाही. सरावातच हाताला थांबायची सवय लागलेली हवी.

दोन प्रसंग मात्र वेगळे. चाप ओढला, ‘टक्’ झालं आणि गोळी सुटली नाही, तर नळी टार्गेटकडे धरून निदान ३० सेकंद थांबा. दारू कधी कधी उशिरा पेट घेते. आणि आवाज नेहमीपेक्षा फुसका आला, धक्का जाणवला नाही, कागदावर भोक दिसत नाही, तर तिथेच थांबायचं. गोळी नळीत अडकलेली असू शकते. तिच्यामागून दुसरी गोळी सोडली तर नळी फुगते किंवा फाटते. पिस्तूल रिकामं करून नळी तपासल्याशिवाय पुढची गोळी नाही, मग मालिका अर्धवट राहिली तरी चालेल.

सगळ्या अडकण्याला एकच ‘जॅम’ म्हणणं

.२२ टार्गेट पिस्तुलं बहुतेक ब्लोबॅक पद्धतीची असतात. गोळी पुढे जाताना तोच दाब पुंगळीला मागे ढकलतो, पुंगळी बोल्टला ढकलते, एक्स्ट्रॅक्टरच्या नखाने पकडलेली पुंगळी इजेक्टरवर आदळून बाहेर उडते, आणि स्प्रिंगच्या जोरावर पुढे येताना बोल्ट मॅगझिनमधलं वरचं काडतूस चेंबरमध्ये ढकलतो. यातली कोणती पायरी चुकली ते ओळखायचं.

पुंगळी बाहेर पडायच्या दारात उभी अडकली असेल, तर बोल्ट बहुधा पूर्ण मागे गेलेला नसतो. काडतूस कमी ताकदीचं, तेल घट्ट झालेलं, बोल्टची वाट घाण किंवा तुमचा अंगठा बोल्टला घासतोय, यांपैकी काहीतरी असतं. बोल्ट बंद आहे पण चेंबर रिकामं आहे, तर बोल्ट वरचं काडतूस उचलण्याइतकाही मागे गेला नाही, किंवा मॅगझिन नीट बसलेलं नाही. पुंगळी चेंबरमध्येच राहून मागून नवं काडतूस तिच्यावर आदळलंय, तर एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली साचलेली काजळी आणि चेंबर आधी बघा. नव्या काडतुसाचं नाक खाली रॅम्पवर, म्हणजे चेंबरकडे नेणाऱ्या उतारावर रुतलंय, तर संशय मॅगझिनवर घ्या. बोल्ट शेवटचा केसभर मिटत नाही, तर चेंबरमध्ये मेण आणि शिशाचं कडं जमलेलं असू शकतं. टार्गेट पिस्तुलाचं चेंबर घट्ट असतं, त्याला तेवढाही थर खपत नाही. अशा वेळी बोल्ट अंगठ्याने दाबून बंद करू नका.

मॅगझिनला खूण न करणं

माझं ठाम मत आहे की नव्या पिस्तुलाचा तपास मॅगझिनपासूनच सुरू करावा. सोबत आलेल्या प्रत्येक मॅगझिनवर मार्करने १, २ असं लिहा आणि कोणतं मॅगझिन, कितवी गोळी, काय अडकलं हे वहीत नोंदवा. एकाच मॅगझिनमध्ये त्रास होत असेल तर पिस्तूल निर्दोष आहे. दर वेळी शेवटचीच गोळी अडकत असेल तर मॅगझिनची स्प्रिंग किंवा काडतुसांना वर ढकलणारा फॉलोअर बघा. आणि दर वेळी पहिलीच अडकत असेल तर दोष भरणाऱ्या हाताचा असतो. नवशिके बोल्ट भीतभीत, हाताने धरून पुढे सोडतात. तो पूर्ण मागे ओढून एकदम सोडायचा असतो. त्याच वेगावर काडतूस चेंबरमध्ये बसतं.

.२२ च्या काडतुसाला बुडाशी कडा असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या मागे गेली, तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि पुढे सरकत नाहीत. फॉलोअरची कळ एकदम खोल दाबून काडतुसं आत सोडून दिली की हे होतं. एकेक काडतूस पुरतं कळ दाबा, कडा पुढे राहतेय ते बघा. भरून झाल्यावर मॅगझिनची मागची बाजू तळहातावर हलकेच आपटा.

हॅमर्ली २०८ सारख्या पिस्तुलात मॅगझिन मुठीत जातं, वॉल्थर जीएसपीत चापाच्या पुढे. मुठीत जाणाऱ्या मॅगझिनचा त्रास असेल तर लाकडी मुठीचा तळवा, म्हणजे पाम शेल्फ, त्याच्या आड येतोय का ते बघा. मूठ हाताच्या मापाने भरून घेताना लावलेली पुट्टी बोल्टला घासते, हेही वारंवार दिसतं. रिकाम्या पिस्तुलात बोल्ट सावकाश मागे-पुढे करून बघा, पुट्टीवर घासल्याची रेघ दिसेल.

मॅगझिनच्या वरच्या ओठांना पक्कड लावू नका. केसभर वाकवलेला ओठ पुन्हा मूळ जागी आणणं फार अवघड असतं.

नागपूरच्या हवेचा विचार न करणं

नवं पिस्तूल कारखान्यातून गंजरोधक ग्रीस लावून येतं. ते न पुसता थेट रेंजवर नेणारे पुष्कळ आहेत. डिसेंबरच्या पहाटे हेच ग्रीस घट्ट होतं आणि बोल्ट मंदावतो. आधी पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे पिस्तूल खोला, सगळं पुसून काढा आणि बोल्टच्या सरकत्या जागी पातळ तेलाचा थेंबभर थर द्या. चेंबर आणि मॅगझिन कोरडी. जास्त तेल म्हणजे जास्त सुरक्षितता, असं घरातल्या मोठ्यांना वाटतं, पण .२२ ची काजळी त्या तेलात मिसळून चिखल होतो.

उन्हाळ्यात उलटा प्रश्न. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांवर जातो आणि बंद गाडीच्या डिकीत त्याहून कितीतरी वर. .२२ च्या शिशाच्या गोळीवर मेणाचा थर असतो, तो मऊ पडतो, धूळ धरतो आणि चेंबरमध्ये चिकटतो. काडतुसं कधीही गाडीत ठेवू नका. रेंजवरही सावलीत, झाकण लावून ठेवा. पावसाळ्यात सराव झाला की त्याच दिवशी पिस्तूल पुसायचं, दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही.

मिळेल ते काडतूस घालणं

टार्गेट पिस्तुलाची स्प्रिंग स्टँडर्ड व्हेलॉसिटी काडतुसाच्या हिशेबाने बसवलेली असते, म्हणजे गोळीचा वेग साधारण ३३० मीटर प्रतिसेकंद. हाय व्हेलॉसिटी काडतूस घातलं की पिस्तूल काही वेळ छान चालल्यासारखं वाटतं, पण बोल्ट जोरात आपटून भाग झिजतात. फार मंद काडतुसाने बोल्ट अर्ध्यातून परततो. दोन-तीन जातींचं प्रत्येकी ५० चं एकेक खोकं चालवून बघा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. काडतूसही बदललं, तेलही बदललं, मूठही तासली, तर सुधारणा कशाने झाली हे कोणालाच सांगता येणार नाही. नव्या स्प्रिंगा ताठ असतात; पहिली काही खोकी चालेपर्यंत अधूनमधून अडकणं हा दोष समजू नये.

घरी कोरडा सराव आणि घरगुती दुरुस्ती

.२२ चं काडतूस कडेवर आघात होऊन पेटतं. त्यामुळे रिकाम्या चेंबरवर चाप ओढला तर काही पिस्तुलांत फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर आघात करणारी टाचणी, चेंबरच्या कडेवर आदळते, तिथे बारीक खाच पडते, आणि पुढे पुंगळी निघत नाही. पुस्तिका वाचा, ड्राय फायरची, म्हणजे गोळीशिवाय चाप ओढायची कळ असेल तर ती वापरा, नसेल तर डमी काडतूस घाला. घरी जिवंत काडतुसांनी भरण्या-काढण्याची चाचणी करायची नाही. ती फक्त रेंजवर.

स्प्रिंगचे वेढे कापणं, रॅम्पला पॉलिश पेपर लावणं, एक्स्ट्रॅक्टर कानसणं हे व्हिडिओ बघून करायचं काम नाही. ओळखीच्या लेथवाल्याकडे नेणंही चूक आणि बेकायदा. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार दुसऱ्याचं अग्निशस्त्र दुरुस्त करायला परवाना लागतो. स्वच्छ पिस्तूल, दोन जातींची काडतुसं, दोन मॅगझिनं आणि कोचचा हात, एवढं सगळं बदलूनही तीच पुंगळी त्याच जागी अडकत असेल, तेव्हा परवानाधारक आर्मररकडे, म्हणजे शस्त्र दुरुस्त करणाऱ्याकडे जा. सोबत वही, फोटो, सगळी मॅगझिनं, अडकलेल्या पुंगळ्या आणि वापरत असलेल्या काडतुसांच्या खोक्यावरचा लॉट नंबर न्या. पुंगळीच्या कडेवरचा नखाचा ओरखडा बघून त्याला निम्मं निदान तिथेच करता येतं.